एक दाढ गेली : इम्प्लांट, ब्रिज की फट तशीच ठेवायची?

रानवारा
खालच्या जबड्यातली उजवीकडची पहिली दाढ काढावी लागली. आधी रूट कॅनाल होऊन कॅप बसलेली होती, पण मूळ उभं चिरलं आणि हिरडीवर त्याच जागी सारखा फोड यायला लागला. आता जखम भरत आलीय. डेंटिस्टांनी तीन पर्याय दिलेत : इम्प्लांट (जबड्याच्या हाडात स्क्रू, त्यावर कॅप), शेजारच्या दोन दातांवर आधारलेला ब्रिज, किंवा काढता-घालता येणारा दात. घरच्यांचा चौथा पर्याय आहे : काहीच करू नकोस, दुसऱ्या बाजूने चावता येतंच ना.

वय पंचेचाळीस. मधुमेह, रक्तदाब नाही. सिगारेट नाही. झोपेत दात खातो असं बायको सांगते. शेजारचे दोन्ही दात ठणठणीत आहेत, एक साधं फिलिंगसुद्धा नाही, त्यामुळे ते घासून बारीक करायचं जिवावर आलंय. पण हाडात स्क्रू बसवायचा या कल्पनेनेही पोटात गोळा येतो.

दुखतं किती? टिकतं किती? ज्यांना इम्प्लांट बसवून बरीच वर्षं झालीत त्यांनी आवर्जून लिहा. कॅप बसल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळेच खूश असतात.

मुक्ताई
माझीही खालचीच दाढ होती, डावीकडची. दुखण्याचं म्हणाल तर दाढ काढताना जास्त हाल झाले होते. भूल चढल्यावर दुखत नाही, पण कळत मात्र सगळं असतं. जबड्याच्या हाडातून कानापर्यंत जाणारी संथ घरघर. सोबत गार, खारट पाणी सतत सोडत होते, ते घशाकडे यायचं आणि नळी खसाखसा ओढून घ्यायची. शेवटी चावीने स्क्रू पिळताना सगळा जबडा ओढला गेल्यासारखा वाटला. बास. दोन दिवस गाल सुजला, साधी वेदनाशामक गोळी पुरली.

सगळ्यात कंटाळवाणी गोष्ट म्हणजे नंतरची वाट पाहणं. स्क्रू बसला म्हणजे दात आला असं नसतं. हाड धरेपर्यंत काही महिने फट तशीच, मग कॅप.

नीलमोहर
माझी शेवटची दाढ गेली, मी काहीही केलं नाही. कित्येक वर्षं झाली, काही बिघडलं नाही. प्रत्येक फट भरलीच पाहिजे असं कोणी सांगितलंय?

ध्रुवपद
रानवारा, ब्रिजवाल्यांची बाजू मांडतो. माझा ब्रिज वीसेक वर्षं तोंडात आहे. शस्त्रक्रिया नाही, टाके नाहीत, थोड्याच भेटींत काम संपलं. हल्ली एखादा दात गेला की थेट इम्प्लांटच सुचवतात, जणू ब्रिज नावाची गोष्ट बादच झाली. एवढा चांगला, पारखलेला उपाय मोडीत काढण्याचं कारण मला तरी दिसत नाही.

दंतकथा
मी दंतवैद्य आहे, हिरड्या आणि हाड हाच माझा रोजचा विषय. रुग्ण न तपासता सल्ला देत नाही, पण सर्वसाधारण माहिती लिहिते.

ध्रुवपद म्हणतात ते योग्य आहे, ब्रिज बाद झालेला नाही. शेजारच्या दातांवर आधीच कॅप असतील, किंवा मोठी फिलिंग असल्यामुळे कॅप लागणारच असतील, तर ब्रिजने दोन्ही कामं होतात. पण दोन्ही शेजारी निरोगी असले तर हिशेब बदलतो. चांगलं इनॅमल घासून काढायचं, ते परत येत नाही. घासलेल्या दातांपैकी काहींची नस पुढे मरते आणि रूट कॅनाल करावं लागतं. शिवाय ब्रिजखाली एका खांबाला कीड लागली की तिन्ही दातांचं काम उघडावं लागतं. इम्प्लांटचा मोठा फायदा इथेच आहे, शेजाऱ्यांना हात लागत नाही.

नीलमोहर, तुमचंही बरोबर, पण तुमची दाढ शेवटची होती. मागच्या दाढा नसतानाही पुढच्या दातांवर आणि उपदाढांवर लोक व्यवस्थित चावतात, यावर नेदरलँड्समध्ये कायझर या दंतसंशोधकांनी बरंच काम केलंय. पहिली दाढ मात्र मधोमध आहे. तिच्या जागी काही वेळा मागची दाढ पुढे कलते, वरची दाढ खाली उतरते. प्रत्येकाच्या तोंडात होतंच असं नाही, पण झालं तर पुढे दात बसवायला जागाच उरत नाही.

मुक्ताईंनी लिहिलेल्या गार पाण्याचं कारण सांगते. ड्रिलच्या घर्षणाने हाड तापतं. ४७ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान मिनिटभर राहिलं तरी हाडाच्या पेशी मरतात, आणि मेलेलं हाड स्क्रूला धरत नाही. म्हणून वेग कमी आणि सलाइन सतत.

आडवाट
थोडं अवांतर, पण हा इतिहास मला फार आवडतो. स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ च्या सुमारास दातांवर काम करतच नव्हते. हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी त्यांनी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं छोटं उपकरण बसवलं होतं. प्रयोग संपल्यावर ते काढायला गेले तर निघेना. हाड त्याला धरून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या, यॉस्टा लार्सन यांच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारले, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त काळ त्या दातांवर जेवले. जगभरच्या दंतवैद्यांनी हे मनावर घेतलं ते मात्र १९८२ मध्ये टोरांटोला झालेल्या इम्प्लांटवरच्या परिषदेनंतर. एवढा काळ हा माणूस आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला याचं मला विशेष वाटतं.

मीनाक्षी_
आडवाट, मस्त माहिती. माझा पुतण्या चौथीत आहे. आजोबांना इम्प्लांट बसवल्यावर त्याचा गंभीर प्रश्न : "आता एमआरआयच्या मशीनमध्ये आजोबांचं डोकं चिकटून बसेल का?" सगळे हसले, पण उत्तर कोणालाच येत नव्हतं!

दंतकथा
पुतण्याला शाबासकी द्या. टायटॅनियम चुंबकाकडे ओढलं जात नाही, त्यामुळे आजोबा सुखरूप बाहेर येतील. जबड्याच्या भागाचं चित्र तेवढं थोडं अस्पष्ट येऊ शकतं. इम्प्लांटवर चुंबकाने बसणारी कवळी असेल तर ती आधी काढायची, आणि कुठलाही एमआरआय असला तरी इम्प्लांट आहे हे आधी सांगायचं.

चिंतातुर_जंतू
वाईट अनुभवही इथे नोंदवून ठेवतो.

माझा इम्प्लांट पहिली काही वर्षं उत्तम चालला. मग ब्रश करताना तिथून रक्त यायला लागलं. दुखत अजिबात नव्हतं, म्हणून तो साफसफाईचा मामला समजला गेला. पुढे बोटाने हिरडी दाबली की पू. एक्स-रे काढला तर स्क्रूच्या भोवतीचं हाड बशीसारखं खोल गेलेलं. हिरडी उघडल्यावर कळलं की कॅप चिकटवतानाचं सिमेंट बाहेर येऊन हिरडीखाली राहिलं होतं, आणि त्यावर जंतूंचा थर साचला होता. बसवल्यानंतर तपासणीला बोलावलंच नव्हतं कोणी. "आता आयुष्यभराची काळजी मिटली" एवढं सांगून पाठवलं होतं.

दुसरा त्रास त्याहून संतापजनक. नव्या डॉक्टरांना कॅप खोलायची होती, पण इम्प्लांट कुठल्या कंपनीचा ते कुठेच लिहिलेलं नाही. प्रत्येक कंपनीच्या आतल्या स्क्रूचा आकार वेगळा, चावी वेगळी. अंदाजाने एकेक लावून पाहत बसले बिचारे. शेवटी तो इम्प्लांट काढावाच लागला.

रानवारा, इम्प्लांटच्या पाकिटावर स्टिकर असतं. त्यावर कंपनी, मॉडेल, जाडी, लांबी आणि बॅच क्रमांक असतो. ते स्टिकर मागून घ्या, फोटो काढा, दोन ठिकाणी जपून ठेवा. तो तुमचा हक्क आहे.

मुक्ताई
बाप रे. लगेच फाइल उघडून पाहिली. स्टिकर आहे!

ध्रुवपद
चिंतातुर_जंतू, वाचून वाईट वाटलं. पण माझा मुद्दा हाच आहे. "इम्प्लांटला कीड लागत नाही" एवढंच सांगितलं जातं. कीड लागत नाही, मान्य. पण हिरडीचा आजार तर होतोच ना?

दंतकथा
होतो, आणि याबद्दल रुग्णाला आधी सांगायलाच हवं. सुरुवातीला फक्त हिरडी सुजते आणि रक्त येतं. या टप्प्यावर नीट साफसफाई झाली तर बहुधा आटोक्यात येतं. पुढे हाड झिजायला लागलं की उपचार अवघड होतात. नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात, इम्प्लांटला हिरडी नुसती लगटून असते. त्यामुळे आजार खाली उतरायला वेळ लागत नाही. दात आधीच हिरड्यांच्या आजाराने गेले असतील तर हा धोका जास्त. म्हणून आधी उरलेल्या हिरड्या बऱ्या करायच्या, मग इम्प्लांट.

टिकण्याबद्दल रानवारांनी विचारलं होतं. नीट निवडलेल्या रुग्णांमध्ये दहा वर्षांनंतर नव्वद टक्क्यांहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात. जागेवर असणं म्हणजे स्क्रू तोंडात आहे एवढंच. तेवढ्या काळात वरची कॅप फुटू शकते, स्क्रू ढिला होऊ शकतो, हिरडी मागे सरकू शकते. कॅप बदलावी लागली म्हणजे इम्प्लांट वाया गेला असं नाही.

स्वच्छतेसाठी नुसता ब्रश पुरत नाही. दोन दातांमध्ये जाणारा छोटा ब्रश रोज वापरा. त्याच्या तारेवर प्लास्टिकचं आवरण असलेला घ्या, उघडी तार टायटॅनियमला ओरखडे पाडते. मापही डेंटिस्टकडून बघून घ्या, फार बारीक ब्रश नुसता आत-बाहेर होतो, साफ काही करत नाही.

सांजवेळ
एक कळकळीची विनंती. ज्यांच्या घरी हाडं ठिसूळ झालेली वडीलधारी माणसं आहेत त्यांनी हे वाचा. आईला वर्षातून एकदा शिरेतून औषध देतात, हाडांसाठी. रोजची गोळी नसल्यामुळे ती त्याला औषध समजतच नाही. डेंटिस्टांनी "काही औषधं चालू आहेत का?" विचारलं, ती म्हणाली नाही. मी शेजारी बसले होते म्हणून सांगितलं. डॉक्टर लगेच थांबले, आधी हाडांच्या डॉक्टरांशी बोलले, मगच पुढे गेले.

दंतकथा
सांजवेळ, तुम्ही हे लिहिलंत ते फार बरं केलंत. अलेंड्रोनेट, झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब या औषधांमुळे काही जणांच्या जबड्यात जखम भरत नाही आणि हाड उघडं पडतं. ऑस्टिओपोरोसिसच्या (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराच्या) डोसमध्ये धोका कमी असतो. कॅन्सर हाडात पसरल्यावर देतात त्या डोसमध्ये बराच जास्त, तिथे इम्प्लांट शक्यतो टाळतात. मात्र कोणीही मनाने औषध बंद करू नये. डेनोसुमॅबचं इंजेक्शन चुकवलं तर मणक्याची हाडं मोडल्याची उदाहरणं आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तेच. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलायचं, रुग्णाने परस्पर निर्णय घ्यायचा नाही.

जबड्याला रेडिएशन दिलेलं असेल, मधुमेह आटोक्यात नसेल, तर तेही आधीच सांगा.

कवडसा
सिगारेटचं काय? मी दिवसाला मोजक्याच ओढतो.

दंतकथा
मोजक्याही नकोत. धुरामुळे हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम उशिरा भरते, इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण वाढतं. हे निमित्त करून सोडून द्या, मनापासून सांगते.

मीनाक्षी_
पुतण्यावरून आठवलं. त्याच्या मोठ्या भावाचा, वय पंधरा, खेळताना समोरचा दात मुळासकट गेला. वहिनीला वाटतं लगेच इम्प्लांट करून टाकावा, पोरगा हसायचाच बंद झालाय.

दंतकथा
त्याची अवस्था समजते, पण एवढ्यात इम्प्लांट नको. या वयात जबडा वाढत असतो. बाकीचे दात हाडासोबत खाली सरकतात, इम्प्लांट मात्र हाडात जिथे बसला तिथेच राहतो. काही वर्षांत तो दात आखूड, वर अडकलेला दिसायला लागतो आणि मग तो दुरुस्त करणं महाकठीण. मुलींमध्ये साधारण अठरा आणि मुलांमध्ये वीस-एकवीसपर्यंत थांबतात, तेही वाढ थांबलीय याची खात्री करून. तोपर्यंत मागून पंख लावून शेजारच्या दाताला चिकटवलेला दात बसवता येतो. त्यात शेजारचा दात जवळजवळ घासावा लागत नाही आणि दिसतोही छान. हसेल तो.

(मुळासकट निखळलेला दात मिळाला तर मुळाला हात न लावता दुधात ठेवून तासाभराच्या आत डेंटिस्टकडे न्यायचा. तोच दात पुन्हा बसू शकतो. हे प्रत्येक शाळेत सांगायला हवं.)

जुनाजाणता
माझं वय ऐंशीच्या पुढे. खालची कवळी बोलताना उचलली जायची. जीभ हलली की कवळी हलली. चारचौघांत जेवायचं मी सोडून दिलं होतं. मुलीने आग्रह धरला, खाली पुढच्या भागात दोन इम्प्लांट बसवले. आता कवळी त्यांच्यावर टक् करून बसते. रात्री काढतो, धुतो, सकाळी पुन्हा लावतो. परवा नातीच्या नाटकाला गेलो आणि पोट धरधरून हसलो. या वयात कशाला, असं म्हणणाऱ्यांना माझा हा प्रतिसाद दाखवा.

मुक्ताई
काका, किती छान वाटलं वाचून!

दंतकथा
काका, तुमच्यासारख्यांसाठी इम्प्लांट हे वरदान आहे. खालचे सगळे दात गेले असतील तर दोन इम्प्लांटवरची कवळी हा पहिला पर्याय मानावा असं २००२ मध्ये मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनीच म्हटलं होतं. वयाला वरची मर्यादा नाही, तब्येत पाहावी लागते. आतल्या रबरी किंवा नायलॉनच्या चकत्या झिजतात, कवळी सैल वाटली की बदलून घ्या. आणि पुढे कधी हात थरथरायला लागले तर साफसफाई कोण करणार, हे मुलीशी आत्ताच बोलून ठेवा.

नीलमोहर
वरच्या दाढांचं काय? माझ्या बहिणीला सायनस लिफ्ट सांगितलंय. नुसतं नाव ऐकूनच घाबरलीय.

अनवट
मी केलंय. वरच्या मागच्या दाढांच्या अगदी वर सायनसची पोकळी असते. दात गेल्यावर मधलं हाड पातळ होत जातं, स्क्रूला धरायला काही उरत नाही. म्हणून सायनसचा पडदा हळूच वर सरकवून खाली हाडाची भुकटी भरतात. तिला सांगा, करताना त्रास नाही, नंतरची पथ्यं मात्र पाळ. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून शिंकायची. शिंक दाबली की पडद्यावर दाब येतो. बाकी धीर धरायचा, वरचं हाड मऊ, त्याला खालच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दंतकथा
रानवारा, आता पुन्हा तुमच्याकडे वळते. तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक ओळ आपण सगळ्यांनी वाचली आणि पुढे गेलो : झोपेत दात खाता. आणि तुमच्या दाढेचं मूळ उभं चिरलं होतं. या दोन गोष्टींचा संबंध आहे का, हे मी पहिल्यांदा तपासलं असतं. रूट कॅनाल झालेली मुळं इतर कारणांनीही चिरतात, पण रात्रभर दाबणारा जबडा हे मोठं कारण असू शकतं. दात का गेला ते न शोधता त्या जागी काहीही बसवलं तरी तोच भार त्याच्यावर येणार.

नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती तंतूंचा पातळ थर असतो. चावताना दात त्यात किंचित दबतो, आणि खडा लागला की जबडा क्षणात उघडतो तो त्या तंतूंमुळेच. इम्प्लांट थेट हाडाला धरलेला, त्याला हा थर नाही. तो दबत नाही आणि जास्त दाब येतोय हेही नीट कळवत नाही. मग कॅपचा टवका उडतो, स्क्रू ढिला होतो.

म्हणजे इम्प्लांट करूच नका असं नाही. डेंटिस्टना हे स्पष्ट सांगा. बाकीच्या दातांवर झिजेच्या खुणा आहेत का, ते पाहू दे. कॅपची उंची आणि उंचवटे त्या हिशेबाने बेताचे ठेवता येतात, आणि रात्री घालायचा नाइट गार्ड आयुष्यभर वापरावा लागेल. ब्रिज केलात तरी हे सगळं लागू आहेच.

ध्रुवपद
हा प्रतिसाद सगळ्यात महत्त्वाचा. ब्रिज की इम्प्लांट यावर आपण इतकं बोललो आणि मूळ कारण तसंच राहिलं.

रानवारा
सगळ्यांचे मनापासून आभार. डेंटिस्टांकडे जाऊन आलो. दंतकथाताईंचं म्हणणं सांगितल्यावर त्यांनी आरशात माझे सुळे दाखवले. टोकं सपाट झालीत, मला कधी कळलंच नव्हतं.

सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) झाला. स्क्रीनवर जबडा आडवा कापल्यासारखा दिसतो, आणि खाली एक गोल काळी चकती, ती खालच्या ओठाची नस जाते तो मार्ग. नसेपासून निदान दोन मिलिमीटर अंतर राखून स्क्रू बसेल इतकं हाड आहे, रुंदीही पुरेशी आहे, वेगळं हाड भरायची गरज नाही. दाढ काढल्यावर पहिल्या वर्षात रुंदी सगळ्यात जास्त कमी होते, म्हणून फार रेंगाळू नका म्हणाले.

तर इम्प्लांट ठरलाय. नाइट गार्डचं माप आत्ताच दिलं, कॅपनंतर नवीन करावा लागेल. स्टिकर मिळेल याची खात्री करून घेतली. कॅप बसली की त्याच दिवशी एक्स-रे काढणार, म्हणजे पुढे हाड किती हललं ते त्याच्याशी ताडून पाहता येईल. चिंतातुर_जंतू, तुमच्या पोस्टमुळे कॅप सिमेंटने चिकटवणार की स्क्रूने बसवणार तेही विचारलं. स्क्रूने.

सांजवेळ
छान निर्णय. पण स्क्रूची कॅप म्हणजे वरून भोक दिसतं का?

दंतकथा
चावण्याच्या पृष्ठभागाच्या मधोमध बारीक भोक असतं. आत टेफ्लॉनची पट्टी भरून वर दातांच्या रंगाचं फिलिंग करतात, मुद्दाम शोधल्याशिवाय दिसत नाही. पुढे कधी स्क्रू ढिला झाला तर तेवढं फिलिंग काढून कॅप न तोडता घट्ट करता येतो. रानवारा, चावताना कॅप जराशी जरी हलल्यासारखी वाटली तर लगेच दाखवा. ढिल्या स्क्रूवर चावत राहिलं की तो आतच तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढणं फार किचकट असतं.

रानवारा
नोंद केली. टाके निघाले की इथे कळवतो.